व्यावसायिक कोंबडी हॅचरी आणि उत्पादनाचे बदलते कल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅचरीत, म्हणजे अंडी यंत्रात उबवून पिल्लं काढण्याच्या कारखान्यात, काम करतो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘हॅचिंग किती येतं?’ उत्तर एका आकड्यात देता येतं, पण तो आकडा भोळा नाही. अंडं यंत्रात जाण्याआधी सहा महिने काय घडलं, आणि पिल्लू बाहेर पडल्यावर पुढच्या आठवड्यात काय होणार, हे दोन्ही त्यात दडलेलं असतं. हा धंदा कुठून कुठे चाललाय ते समजायचं तर याच आकड्याला आतून-बाहेरून बघावं लागतं. पोल्ट्रीवाले, विद्यार्थी आणि नव्यानं या धंद्यात पैसा घालू बघणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत.

किती टक्के हॅचिंग चांगलं समजायचं?

आधी कोणतं हॅचिंग ते ठरवू. यंत्रात ठेवलेल्या एकूण अंड्यांपैकी विकण्याजोगी पिल्लं किती निघाली, हा एक हिशेब. फलित अंड्यांपैकी किती निघाली, हा दुसरा. पहिल्या हिशेबात पेरेंट फार्मवरच्या (उबवणीची अंडी देणारा आई-बाप कळप ठेवतात तिथल्या) कोंबड्याचा आळसही हॅचरीच्या माथी येतो. दुसऱ्यात तो वगळला जातो, म्हणून साठवण, हाताळणी आणि उबवणी कशी झाली ते त्यातून जास्त स्पष्ट दिसतं.

समजा 1,00,000 अंडी ठेवली, त्यातली 93 टक्के फलित होती आणि फलित अंड्यांतून 88 टक्के पिल्लं निघाली. पिल्लं झाली 81,840. मालक म्हणणार, ‘82 पण नाही?’ पण 7,000 अंड्यांत मुळात जीवच नव्हता. तिथे जगातलं कोणतंही यंत्र काही करू शकत नाही. म्हणून मी नेहमी दोन्ही आकडे मागतो, आणि सोबत पेरेंट कळपाचं वय. पेरेंट कळप साधारण 30 ते 45 आठवड्यांचा असताना आकडे सर्वांत चांगले असतात. 60 आठवड्यांच्या कळपाची 78 टक्के ही कधी कधी शाबासकीची कामगिरी असते, आणि 35 आठवड्यांच्या कळपाची 84 ही चौकशीची.

यंत्रं एवढी सुधारली, मग टक्केवारी वाढायची सोडून घसरली कशी?

हा खरा प्रश्न. अमेरिकेचं कृषी खातं ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांच्या, हॅचरींचा अहवाल दर आठवड्याला काढतं. किती अंडी यंत्रात गेली, किती पिल्लं निघाली, किती शेडमध्ये टाकली गेली, सगळं त्यात असतं. सरासरी हॅचेबिलिटी काढायची त्यांची रीत सरळ आहे: या आठवड्याची पिल्लं भागिले तीन आठवड्यांपूर्वी ठेवलेली अंडी. 2010 च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा 84 टक्क्यांच्या आसपास असायचा. अलीकडच्या वर्षांत तो 79-80 च्या घरात आला. याच काळात सेटर, म्हणजे पहिले अठरा दिवस अंडी उबवणारी यंत्रं, जास्त हुशार झाले, प्रत्येक ट्रॉलीचं तापमान पडद्यावर दिसू लागलं, आणि तरीही हे.

कारण बरंचसं यंत्राबाहेर आहे. ब्रॉयलरची निवड गेली कित्येक दशकं झटपट वाढ आणि छातीचं मांस यांवर झाली. तेच रक्त पेरेंट कळपाच्या कोंबड्यातही असतं. त्याला मोजूनमापून खायला घालून आटोक्यात ठेवलं नाही, तर तो जड होतो, पाय दुखावतात, मादीवर चढणं त्याला जमत नाही आणि 45-50 आठवड्यांनंतर फलनाचं प्रमाण खाली येतं. त्यावर उपाय म्हणून मध्येच तरुण कोंबडे सोडतात. त्याचा फायदा होतो, पण काही आठवड्यांपुरता. भरीला, पिल्लांची मागणी चढी असली की म्हातारे कळप काढून टाकायचे तेही महिनाभर जास्त ठेवले जातात. त्यांची अंडी मोठी, कवच पातळ. सरासरी आपोआप खाली ओढली जाते.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. जगातल्या ब्रॉयलर पैदाशीचा मोठा वाटा एव्हियाजेन आणि कॉब-व्हॅन्ट्रेस या दोन कंपन्यांच्या हाती आहे. पैदाशीच्या पिरॅमिडच्या टोकाला, म्हणजे पेरेंटच्या आजा-पणजांत, नराच्या वंशात थोडा बदल केला की तो वर्षा-दोन वर्षांनी कित्येक देशांतल्या हॅचरींच्या आकड्यात उतरतो, आणि आपण इथे सेटरचा पंखा तपासत बसतो.

मग धंदा बुडाला का? नाही. अंडी जास्त ठेवली जातात, त्यामुळे पिल्लांची संख्या कायम राहते. प्रत्येक पिल्लामागे मांस जास्त मिळतं, त्यामुळे चार टक्क्यांची तूट कंपन्यांना सोसवते. माझ्या मते ही तडजोड उघड्या डोळ्यांनी केलेली आहे. भरपाई मात्र हॅचरीकडून मागितली जाते, हे जरा खटकतं.

हॅचरीचे आकडे बघून पुढचा बाजार कळतो का?

बऱ्यापैकी. कोंबडीच्या धंद्यात भविष्य सांगणारी ही सर्वांत प्रामाणिक जागा, कारण अंडं 21 दिवसांचं काम 20 दिवसांत करत नाही.

साखळी अशी: आज पेरेंटचं एक दिवसाचं पिल्लू शेडमध्ये टाकलं. 24-25 आठवड्यांनी मादी अंड्यावर येते. सुरुवातीची छोटी अंडी सोडली की ठेवण्याजोगी अंडी मिळू लागतात. ती काही दिवस साठवून यंत्रात 21 दिवस. पुढे ब्रॉयलर पाच-सहा आठवडे वाढतो. म्हणजे आजच्या निर्णयाचं मांस बाजारात यायला आठ महिने. पेरेंट पिल्लांच्या विक्रीचा आकडा आठ महिन्यांनंतरच्या पुरवठ्याबद्दल बोलतो, सेटरमधल्या अंड्यांचा आकडा दोन-अडीच महिन्यांनंतरच्या, आणि शेडमध्ये टाकलेल्या पिल्लांचा सव्वा-दीड महिन्यानंतरच्या.

एक सावधगिरी. फक्त ‘अंडी किती ठेवली’ हे बघून उडी मारू नका. अंडी तीन टक्के वाढली आणि हॅचेबिलिटी तीन टक्के घसरली, तर पिल्लं होती तेवढीच. भाव पडले की काही वेळा हॅचरी अंडी यंत्रातच घालत नाहीत, खाण्याच्या अंड्यांच्या बाजारात किंवा अंडी फोडून प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला देतात. ते पुढच्या आठवड्यात कळतं, तीन आठवड्यांनी दिसतं.

ब्रॉयलर आणि लेयर हॅचरीत फरक काय?

यंत्रं तीच. फरक नर पिल्लांचा. ब्रॉयलरमध्ये नर-मादी दोन्ही वाढवतात, लेयरमध्ये, म्हणजे खाण्याच्या अंड्यांसाठीच्या जातींत, निम्मं उत्पादन धंद्याच्या दृष्टीनं निरुपयोगी ठरतं. त्यावर पुढे स्वतंत्र उत्तर आहे.

न फुटलेली अंडी फोडून बघण्यात खरंच काही अर्थ आहे का?

हॅचरीत एकच काम करायला मिळालं तर मी हेच निवडीन. वास येतो, हात खराब होतात, नवीन मुलं टाळतात. पण यंत्राच्या पडद्यावर जे दिसत नाही ते इथे ताटात पडतं.

वरच्याच लाख अंड्यांचा हिशेब पुढे नेऊ. पिल्लं न निघालेली 18,160. त्यातली 7,000 अफलित. उरली 11,160. ट्रॉलीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या ट्रेमधून नमुना घेऊन फोडला आणि लाखाच्या प्रमाणात बसवला, तर चित्र साधारण असं येईल: पहिल्या आठवड्यात मेलेली 4,800, मधल्या काळातली 800, शेवटच्या टप्प्यातली 3,900, चोच मारून आतच राहिलेली 900, आणि सडकी, तडा गेलेली, विकृत वगैरे 760.

आता अंडं हातात घ्या. बोथट टोकाकडून, हवेच्या पोकळीपाशी कवच सोला. बलकावर रक्ताची गोल कडी दिसली, तर गर्भ दोन ते चार दिवसांत गेला. संशय साठवणीवर, वाहतुकीतल्या धक्क्यांवर किंवा जंतुनाशक धुरी चुकीच्या वेळी दिल्यावर घ्यावा. काळा डोळा स्पष्ट दिसतोय पण पिसं नाहीत, तर दुसऱ्या आठवड्याच्या आतबाहेर. हा आकडा एरवी अगदी छोटा असतो. तो वाढला की पेरेंट फार्मच्या खाद्यातलं जीवनसत्त्व तपासायला सांगा, कारण मधल्या काळातली मर सहसा तिथून येते. पूर्ण वाढलेलं पिल्लू, डोकं हवेच्या पोकळीकडे नसून टोकदार टोकाकडे, म्हणजे अंडं उलटं ठेवलं गेलं असावं. टोकदार बाजू वर. ही चूक फक्त माणसाची, आणि ट्रे भरणाऱ्या रांगेत उभं राहिलं की दहा मिनिटांत सापडते.

मल्टी-स्टेज यंत्रं घ्यावीत की सिंगल-स्टेज?

नवीन हॅचरी उभी करत असाल तर आज जवळपास सगळे सिंगल-स्टेजच सांगतील, आणि मीही. जुन्या मल्टी-स्टेज सेटरमध्ये वेगवेगळ्या वयाची अंडी एकत्र असतात. मोठ्या गर्भांची ऊब लहानांना मिळते, वीज वाचते, यंत्र साधं असतं. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली एका वेळी पाच वयांची अंडी असल्यासारखंच ते. पण तापमान एकच असल्यानं कोणालाच नेमकं लागू पडत नाही, आणि यंत्र कधी रिकामंच होत नाही, म्हणून धुताही येत नाही.

सिंगल-स्टेजमध्ये सगळी अंडी एका वयाची. सुरुवातीला उष्णता द्यायची, नवव्या-दहाव्या दिवसानंतर काढून घ्यायची. अठराव्या दिवशी एका अंड्यातून साधारण 0.14 वॅट उष्णता निघते. ऐकायला क्षुल्लक, पण लाख अंड्यांच्या सेटरमध्ये ती 14 किलोवॅट होते. त्यामुळे या यंत्रांची खरी परीक्षा गरम करण्यात नसून थंड करण्यात आहे, आणि चिलर, पाणी, हवेचा दाब यांत काटकसर केलेली महागडी सिंगल-स्टेज हॅचरी जुन्या मल्टी-स्टेजपेक्षा वाईट निकाल देते. यंत्राची किंमत सगळे विचारतात, चिलरची क्षमता कोणी विचारत नाही.

नेमकं तापमान किती ठेवायचं?

हवेचं तापमान विचारू नका, कवचाचं विचारा. गर्भाला सोसतं ते कवचाचं तापमान, आणि ते 37.8 ते 38.1 सेल्सिअसच्या दरम्यान राहावं अशी आजची रीत आहे. शेवटच्या आठवड्यात ते 39 च्या आसपास गेलं तरी पिल्लं निघतात, म्हणून चूक लपून राहते. पण बलक पोटात नीट शोषला जात नाही, नाभीवर काळं बटण राहतं, हृदयाची वाढ कमी पडते. हॅचिंगची टक्केवारी ठीक आणि सातव्या दिवसापर्यंतची मर जास्त, असं कोडं पडलं की मी आधी इथे बघतो.

आर्द्रतेचंही तसंच. पडद्यावरचा आकडा सोडा, ट्रे वजन करा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन 11 ते 13 टक्के घटलेलं असावं.

अंडी किती दिवस साठवली तर चालतात?

आठवडाभर फारसं बिघडत नाही. त्यानंतर प्रत्येक दिवसाला अर्धा ते एक टक्का हॅचिंग जातं आणि पिल्लू बाहेर यायला साधारण तासभर उशीर होतो. आठवड्यापेक्षा जास्त ठेवायची असतील तर खोलीचं तापमान 15-16 अंशांकडे न्यावं.

नवा कल असा, की साठवणीच्या काळातच अंड्यांना मधूनमधून थोडी ऊब देतात. कवच 32 अंशांच्या वर जाईल इतपत काही तास, आणि पुन्हा थंड. घरट्यातली कोंबडी नवीन अंडं घालायला येते तेव्हा जुन्यांना अशीच ऊब लागते. लांब साठवणीत गेलेल्या हॅचिंगचा काही भाग त्यातून परत मिळतो. पण हे ताज्या अंड्यांवर करून उपयोग नाही.

घाम हा मात्र जुनाच शत्रू. आमच्याकडे एकदा गार खोलीतून काढलेली एक ट्रॉली दमट पॅसेजमध्ये दोन तास उभी राहिली. कोणीतरी कवचावरचं पाणी पाहिलं आणि पंखा लावून वाळवलं. सगळ्यांना वाटलं, मिटलं. पण कवच गार होताना आणि ओलं असताना बाहेरचे जंतू छिद्रांतून आत ओढले जातात. दुसऱ्या आठवड्यात सेटरमध्ये अंडी फटाफट फुटू लागली. दार उघडलं की डोळ्यांतून पाणी यावं असा वास. एका फुटलेल्या अंड्यानं आजूबाजूच्या डझनभर अंड्यांवर शिंतोडे उडवलेले. चूक आमचीच होती, आणि त्या दिवसापासून पॅसेजमधल्या ट्रॉलीला नाव आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी लागते.

‘हॅच विंडो’ म्हणजे काय, आणि सगळे तिच्या मागे का लागलेत?

पहिलं पिल्लू बाहेर येण्यापासून शेवटचं येईपर्यंतचा काळ. तो 24 तासांच्या आसपास राखला तर उत्तम. लांबला की लवकर निघालेली पिल्लं हॅचरमध्ये, म्हणजे शेवटचे तीन दिवस अंडी ठेवतात त्या यंत्रात, दीड दिवस उपाशी-तहानलेली बसतात आणि उशिरा निघालेली अजून ओली असतात. काढायची वेळ कोणासाठी ठरवायची?

वेगवेगळ्या कळपांची, वेगवेगळ्या साठवणीची अंडी एकाच यंत्रात घातली की विंडो रुंदावते. यंत्रापेक्षा अंडी लावण्याच्या नियोजनात हा प्रश्न जास्त सुटतो. पिल्लाचं वजन मूळ अंड्याच्या 67-68 टक्के असेल तर वेळ जमली. 66 च्या खाली म्हणजे सुकली, 70 च्या वर म्हणजे घाईनं काढली.

अंड्यातच लस देतात म्हणजे नेमकं काय करतात?

अठराव्या दिवसाच्या सुमारास अंडी सेटरमधून हॅचरमध्ये हलवतात, त्याच वेळी यंत्र बोथट टोकाला बारीक भोक पाडून सुईनं लस आत सोडतं. ती गर्भाभोवतीच्या द्रवात किंवा गर्भाच्या अंगात जायला हवी. हवेच्या पोकळीत राहिली तर वाया. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मरेक रोगाच्या लसीवर याचे प्रयोग झाले, 1992 च्या सुमारास यंत्र बाजारात आलं, आणि आज अमेरिकेत ब्रॉयलर जवळजवळ सगळे याच वाटेनं जातात. मरेकबरोबर गंबोरो आणि राणीखेत या रोगांसाठीच्या व्हेक्टर लसीही (निरुपद्रवी विषाणूत दुसऱ्या रोगाच्या विषाणूचा जनुक घालून केलेल्या) आता एकाच टोचणीत जातात. तासाला पन्नास हजारांहून जास्त अंडी. एकेक पिल्लू हातात धरून टोचणाऱ्या माणसांच्या रांगा त्यामुळे गेल्या.

एक मेख आहे. प्रत्येक अंड्याला आपण स्वतः भोक पाडतो. हॅचरची हवा घाण असेल, बुरशी असेल, तर तिला आयतं दार मिळतं. ज्या हॅचरीची स्वच्छता काठावर आहे तिनं हे यंत्र आणल्यावर मर वाढल्याची उदाहरणं म्हणूनच ऐकू येतात.

हॅचरीतून अँटिबायोटिक खरंच हद्दपार झालीत का?

सगळीकडे नाही, पण दिशा तीच. कॅनडातला क्यूबेक प्रांत याचा ठळक धडा आहे: 2005 मध्ये तिथल्या हॅचरींनी सेफ्टिओफर हे अँटिबायोटिक सुईतून देणं स्वतःहून थांबवलं, तेव्हा कोंबडीत आणि माणसांत सापडणाऱ्या साल्मोनेलाचा प्रतिकार घटला, औषध अंशतः परत आल्यावर तो पुन्हा चढला. अमेरिकेनं 2012 मध्ये या औषधाच्या अशा वापरावर बंदी घातली, कॅनडाच्या ब्रॉयलर उद्योगानं 2014 मध्ये या वर्गातली औषधं प्रतिबंधासाठी वापरणं बंद केलं.

याचा परिणाम हॅचरीवर सरळ झाला. पूर्वी जमिनीवर पडलेलं, विष्ठा लागलेलं अंडंही ‘चालतंय’ म्हणून ठेवलं जायचं, कारण सुईत औषध होतं. आता ते अंडं बाजूला काढावंच लागतं, आणि ते काढलं की उत्पादन कागदावर घटतं. फॉर्मलिनच्या धुरीचंही असंच चाललंय. फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये जाहीर केलं. तेव्हापासून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे पर्याय वाढत गेले.

लेयर हॅचरीतल्या नर पिल्लांचं आता काय होतं?

जगभरात दरवर्षी साधारण सात अब्ज नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. या धंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट ती हीच. नर-मादी ओळखणं तंत्रानं सोपं झालं म्हणून हे शक्य झालं, हा त्यातला विरोधाभास. 1920 च्या दशकात जपानमध्ये कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुदद्वार तपासून लिंग ओळखण्याची पद्धत बसवली. कसबी माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं बघतो. पुढे पिसांच्या लांबीवरून किंवा रंगावरून ओळखता येतील असे वंश आले. तपकिरी अंड्यांच्या जातींत तर नर फिकट आणि मादी तपकिरी, इतकं सरळ.

जर्मनीनं 1 जानेवारी 2022 पासून ही हत्या कायद्यानं बंद केली, फ्रान्सनं पुढच्या वर्षापासून. त्यानंतर अंड्यातच लिंग ओळखणारी यंत्रं झपाट्यानं आली. मार्ग तीन प्रकारचे. एक, नवव्या दिवशी कवचातून द्रवाचा थेंब काढून संप्रेरक, डीएनए किंवा इतर खूण तपासायची. दुसरा, तेराव्या दिवशी कवचातून प्रकाश सोडून पिसांचा रंग बघायचा. कवचाला भोक नाही, पण तपकिरी जातींतच चालतो. तिसरा, बाराव्या दिवशी एमआरआय. रंगाशी देणंघेणं नाही, अंडं फोडावं लागत नाही. जर्मन कायद्यानं आधी जास्त कडक मुदत ठरवली होती, मग तेराव्या दिवसाआधी गर्भाला वेदना होत नाहीत असं संशोधन आल्यावर ती तिथवर आणली.

हॅचरीच्या दृष्टीनं मोठा बदल असा: अंडी मध्येच बाहेर काढायची, तपासायची, नरांची वेगळी करायची, मादीची परत ठेवायची. यंत्रातली निम्मी जागा अध्येमध्ये मोकळी होते. कवचाचं तापमान, हवेचा प्रवाह, सगळं पुन्हा बसवावं लागतं. शिवाय लिंग ओळखताना काही टक्के चुका होतातच, त्यामुळे हॅचरमधून काही नर निघतात. मला हा बदल अटळ वाटतो. तो सगळीकडे एकाच वेगानं येणार नाही, कारण अंड्यामागचा वाढीव खर्च शेवटी कोणीतरी भरायचा असतो.

पिल्लांना हॅचरीतच खाणं-पाणी देणं, किंवा शेडमध्येच अंडी फोडू देणं, हे फॅड आहे की खरं?

खरं आहे. पोटातला बलक पिल्लाला दोन-तीन दिवस पुरतो, या आधारावर एक दिवसाची पिल्लं लांबवर पाठवायचा धंदा शतकभरापूर्वी उभा राहिला. अमेरिकेच्या टपाल खात्यानं 1918 पासून ती पार्सलनं नेली. जगायला बलक पुरतो, पण आतड्याची वाढ अन्न पोटात गेल्यावरच वेग घेते.

म्हणून दोन वाटा निघाल्या. हॅचरमध्येच दिवा, पाणी आणि खाद्य देणारी यंत्रं ही एक. दुसरी, नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये पसरलेली: अठराव्या दिवशी कँडलिंग करून, म्हणजे उजेडासमोर धरून तपासून, जिवंत अंडी थेट शेडमध्ये न्यायची, पिल्लं तिथेच निघतात, धूळ नाही, मोजणीच्या पट्ट्यावरची आदळआपट नाही. मात्र शेडवाल्याला तीन दिवस हॅचरीवाला व्हावं लागतं. शेडच्या कोपऱ्यात गारवा असेल तर तिथली अंडी आधी सांगतात. आणि हॅचरीत पिल्लांना देण्याच्या फवारणीच्या लसींचं काय करायचं, ते आधी ठरवावं लागतं.

माणसांची कामं यंत्रं घेणार का?

घेतलीच. कँडलिंग, हलवणं, लस, मोजणी, पेट्या रचणं. उरलेलं काम कमी पण जास्त जाणकार माणसांचं आहे: आवाज ओळखणारं, वास ओळखणारं.

बर्ड फ्लूचा हॅचरीच्या उत्पादनावर काय परिणाम होतो?

हॅचरीत रोग शिरायची गरज नसते. 2015 मध्ये अमेरिकेत सुमारे 5 कोटी पक्षी गेले, 2022 पासूनची लाट त्याहून मोठी. पेरेंट किंवा ग्रँडपेरेंट (पेरेंटच्या आई-बापांचा) कळप गेला की त्याच्या जागी नवा उभा राहायला वर दिलेले महिने लागतात, आणि तोवर हॅचर रिकामे. शिवाय एखाद्या भागात रोग जाहीर झाला की तिथून एक दिवसाची पिल्लं आणि उबवणीची अंडी निर्यात करणं थांबतं. म्हणून पैदास कंपन्या ग्रँडपेरेंट कळप एकाहून जास्त खंडांत ठेवतात. एकाच देशावर पेरेंटसाठी अवलंबून असलेल्या हॅचरीनं दुसरा पुरवठादार शांततेच्या काळातच शोधावा.

वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही तर?

सेटरमध्ये कोणत्या वयाची अंडी आहेत ते बघा. पहिल्या आठवड्यातली असतील तर दारं बंद ठेवा; ऊब टिकवायची आहे. चौदाव्या दिवसापुढची असतील तर दारं उघडा, नाहीतर स्वतःच्याच उष्णतेनं वरच्या ट्रेमधली आधी जातील. हॅचर असेल तर एक क्षण थांबू नका.

पिल्लू चांगलं की वाईट, हे हॅचरीतून घेतानाच कसं ओळखायचं?

पेटी उघडल्यावर आधी ऐका. सुखी पिल्लांचा चिवचिवाट बारीक, एकसारखा असतो. मोठा, तुटक, चढा आवाज म्हणजे थंडी किंवा तहान. चोच उघडी ठेवून धापा टाकणारी पिल्लं गरम झालेली. कानात घालायचा इन्फ्रारेड थर्मामीटर गुदद्वाराला हलका टेकवून बघा; 39.4 ते 40.5 सेल्सिअस हवं.

मग एक पिल्लू पाठीवर आडवं करा. दोन-तीन सेकंदांत उलटून उभं राहायला हवं. पोटाखाली अंगठा फिरवा: नाभी पूर्ण मिटलेली, कोरडी. दोरा लोंबत असेल, काळा खडा हाताला लागत असेल, तर ती पेटी वेगळी ठेवा आणि कोणत्या पेरेंट कळपाची ते हॅचरीला विचारा. चांगली हॅचरी मिनिटात सांगते. पायांची कातडी चमकदार, गुडघे लाल नकोत. लाल गुडघा म्हणजे कवचातून बाहेर यायला पिल्लाला फार झगडावं लागलं.

पेरेंट कळपाच्या वयाप्रमाणे पेट्या लावून घ्या. तरुण कळपाची पिल्लं छोटी असतात, त्यांना जास्त ऊब लागते. म्हाताऱ्या कळपाच्या पिल्लांत मिसळली तर पाण्याच्या निपलखाली मागे राहतात. शेडमध्ये टाकल्यावर चोवीस तासांनी शंभर पिल्लं पकडून गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपा. पंचाण्णव तरी भरलेली, मऊ लागायला हवीत. कोरडी कडक लागली तर पिल्लाला खाद्य मिळालंय, पाणी मिळालेलं नाही, आणि ती तक्रार घेऊन हॅचरीला फोन करण्याआधी आपल्या शेडमधली पाण्याची लाइन एकदा शेवटच्या निपलपर्यंत चालून बघावी.